नववीच्या वर्गावरचा बदली तास: हजेरीत मुलांनी नावे बदलली, तर वर्गशिक्षकांना कळवावे का?

प्रश्न (नवखी बदली शिक्षिका):

गेले पाच महिने मी एका माध्यमिक शाळेत बदली शिक्षिका म्हणून काम करत आहे. माझा विषय भाषा असला, तरी जे शिक्षक रजेवर असतील त्यांचा तास माझ्याकडे येतो, त्यामुळे एकाच आठवड्यात विज्ञान, इतिहास, गणित अशा सगळ्या तासांना मी उभी राहते. आज कोणता वर्ग मिळणार हे शाळेत पोहोचेपर्यंत ठाऊक नसते, आणि वर्ग मिळाला की हातात हजेरीपट, खडू आणि "पाचव्या धड्याचे प्रश्न सोडवून घ्यावेत" एवढीच चिठ्ठी पडते. "आज सर नाहीत!" हा आनंद मला दाराबाहेरूनच ऐकू येतो. त्या आनंदाचा माझ्याशी संबंध नसतो हे मी पहिल्या आठवड्यातच समजून घेतले, त्यामुळे त्याचे मला वाईट वाटत नाही.

मला विचारायचे आहे ते गेल्या मंगळवारच्या तासाविषयी. नववीच्या वर्गात हजेरी घेताना खिडकीजवळच्या बाकावरच्या दोन मुलांनी एकमेकांच्या नावाला "हजर" म्हटले आणि ते माझ्या लक्षात आले नाही. पुढची पस्तीस मिनिटे मी एकाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारत होते आणि प्रत्येक हाकेसरशी मागच्या बाकांवर दबके हसू उमटत होते. शेवटी एकाची वही पाहायला हातात घेतली, तेव्हा मुखपृष्ठावर वेगळेच नाव दिसले. मी त्याच्याकडे पाहिले. त्याचे कान लाल झाले होते आणि त्याची नजर माझ्या हातातल्या वहीवर खिळली होती. तेवढ्यात घंटा झाली. काय बोलावे ते मला सुचले नाही, म्हणून मी वही त्याला परत दिली आणि वर्गाबाहेर आले.

मला सर्वांत जास्त लागून राहिले ते वेगळेच. त्या तासाला पाचही प्रश्न पूर्ण सोडवणारा तो एकटाच मुलगा होता, आणि वर्गशिक्षकांसाठी ठेवलेल्या नोंदीत मी ते श्रेय दुसऱ्याच्या नावावर लिहून बसले होते. ती नोंद अजून माझ्याकडेच आहे. आता हा प्रकार वर्गशिक्षकांना लेखी कळवावा, की मुलांशी आधी स्वतः बोलावे? आणि ज्या वर्गात आपण चाळीस मिनिटांचे पाहुणे असतो, तिथे मुलांना त्यांच्या खऱ्या नावाने ओळखण्याचा काही खात्रीचा मार्ग आहे का?

उत्तर (निवृत्त पर्यवेक्षक):

कळवावे, आणि लेखीच कळवावे. दोन्ही मुले वर्गात होती म्हणून या वेळी पटावरची नोंद खोटी ठरली नाही, पण त्यातला एक जण शाळेबाहेर असता आणि दुसऱ्याने त्याच्या नावाला "हजर" म्हटले असते, तर बाहेर गेलेल्या मुलाची जबाबदारी कागदोपत्री तुमच्यावर आली असती. इमारत तातडीने रिकामी करण्याची वेळ आली की मैदानावर मुलांची मोजणी याच पटावरून होते. त्यामुळे हजेरी ही वर्ग शांत करण्याची रीत नव्हे, हे बदली शिक्षकाने सतत ध्यानात ठेवले पाहिजे. नावे वाचून झाली की डोकी मोजावीत आणि आकडा जुळल्याशिवाय फळ्याकडे वळू नये, एवढी सवय मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला लावली होती.

उत्तर (गणित शिकवणारा):

पर्यवेक्षक महोदयांचा हजेरीबाबतचा मुद्दा मला मान्य आहे, पण लेखी तक्रारीबाबत माझे मत वेगळे आहे. मी सात वर्षे बदली शिक्षक होतो आणि आता त्याच शाळेत कायम आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी हा अनुभव घेतला आहे.

आधी नावांविषयी. मुलांना नावाच्या चिठ्ठ्या करून बाकावर ठेवायला सांगण्याचा उपयोग होत नाही, कारण ज्यांना नावे बदलायची आहेत ती मुले चिठ्ठ्याही बदलतात. मी हजेरी उभ्याने, फळ्यासमोरून घेणे सोडून दिले. आधी काम सांगायचे, मुलांच्या वह्या उघडल्या की हजेरीपट हातात घेऊन बाकांमधून फिरायचे आणि वहीवरचे नाव पाहून खूण करायची, असा माझा क्रम असतो. यात सहा-सात मिनिटे जातात, पण तेवढ्या वेळात कोणाकडे पेन नाही, कोण आजारी दिसतो आहे आणि कोणाला कामच समजलेले नाही, हे कळते. मुख्य म्हणजे प्रत्येक मुलाला आपण एकदा जवळून पाहिलेले असते.

जेकब कूनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एकदा आपल्या विद्यापीठातल्या वर्गात वर्तमानपत्र वाचणाऱ्या विद्यार्थ्याला फटकारले आणि त्यानंतर ज्यांना काहीच म्हटले नव्हते असे बाकीचे विद्यार्थीही सावरून बसले, हे त्याच्या लक्षात आले. त्या कुतूहलातून त्याने पुढे अनेक वर्षे वर्गांचा अभ्यास केला. १९७० मध्ये त्याने मांडलेला निष्कर्ष मात्र त्याच्या मूळ अपेक्षेपेक्षा निराळा होता. सुरळीत चालणारा वर्ग आणि विस्कटलेला वर्ग यांतला फरक खोडी झाल्यावर शिक्षक कसे रागावतात यावर ठरत नव्हता. खोडी होण्याआधी शिक्षकाचे सगळ्या वर्गावर किती लक्ष असते आणि कामाची लय तुटते की टिकते, यावर तो ठरत होता. बदली शिक्षकाला हे दुप्पट लागू पडते, कारण रागावण्यामागे लागणारी ओळख त्याच्याजवळ नसते, पण फिरते लक्ष पहिल्याच मिनिटापासून देता येते.

दुसरे असे की स्वतःचे काहीतरी घेऊन वर्गावर जावे. चिठ्ठीतले काम बहुतेक वेळा पंचवीस मिनिटांत संपते आणि वर्ग हातचा जातो तो उरलेल्या पंधरा मिनिटांत. मी कापरेकरांची संख्या घेऊन जातो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर स्वतः शाळेत शिकवत असत आणि १९४९ मध्ये त्यांना असे आढळले की सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर हेच करत राहावे, तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि मग ती बदलत नाही. उदाहरणार्थ ३५२४ घेतली, तर ३०८७, मग ८३५२ आणि तिसऱ्या पायरीला ६१७४. भाषेच्या शिक्षिकेलाही हे बिनधास्त करता येईल, कारण यात वजाबाकीपलीकडे काहीच लागत नाही.

एकदा दहावीच्या एका वर्गात मी हे सांगितले आणि सगळ्यांनी आपापली संख्या घेतली. पाच मिनिटांनी शेवटच्या बाकावरची एक मुलगी, जी तोवर एक शब्दही बोलली नव्हती, हळूच म्हणाली, "सर, माझं शून्य आलं." वर्गात एकच जल्लोष झाला, कारण बदलीवर आलेल्या सरांचे चुकले होते. मी तिला फळ्यावर बोलावले. तिने २१११ घेतली होती. २१११ मधून १११२ वजा करून तिने ९९९ लिहिले, आणि ९९९ चे अंक कसेही मांडले तरी ९९९च, म्हणून वजाबाकी शून्य. मी काहीच बोललो नाही, फक्त मागे जाऊन तिच्या बाकावर बसलो. वर्ग फळ्याकडे बघत राहिला. बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, "चार अंकी पाहिजे ना? मग पुढचं शून्य मी खाल्लं." तिने ९९९ च्या आधी शून्य लिहिले आणि पुढे गेली: ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४. वर्गाने पुन्हा जल्लोष केला, पण या वेळी तो तिच्यासाठी होता.

हे इतके सविस्तर लिहिण्याचे कारण असे की चूक सुधारायला मी तिला वेळ दिला, आणि तुमच्या त्या मुलाला तो वेळ अजून मिळालेला नाही. घंटा झाल्यामुळे तुमचे बोलणे राहून गेले आहे. तो आधी तुमच्याकडून ऐकू दे. कागद नंतरही लिहिता येईल.

उत्तर (अकरावीतला विद्यार्थी):

मी शिक्षक नाही, तरीही लिहितो, कारण नववीत असताना मीही हे केले आहे. आम्हांला बाईंचा अपमान करायचा नव्हता. त्या पुन्हा कधी दिसणार नाहीत असे वाटले होते, आणि जी व्यक्ती पुन्हा दिसणार नाही तिच्यासमोर आपण कोणीही होऊ शकतो, एवढाच त्यामागचा विचार होता. त्या बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, तेव्हा मला तोंड लपवावेसे वाटले.

आणखी एक गोष्ट सांगाविशी वाटते. माझे नाव जरा वेगळे आहे. प्रत्येक नवीन शिक्षक हजेरी घेताना त्या नावाशी थांबतात, अडखळतात, वर्ग हसतो आणि त्यानंतर तासभर मला हात वर करावासा वाटत नाही. एका बदली सरांनी मात्र माझ्या बाकाजवळ येऊन, "हे कसं म्हणायचं, तूच सांग," असे हळू आवाजात विचारले होते. ते सर त्यानंतर दोनदाच आले, पण दोन्ही वेळा त्यांनी माझे नाव बरोबर घेतले.

उत्तर (वीस वर्षे वर्गशिक्षिका):

रजेवरून परतल्यावर माझ्या टेबलावर काय असावे असे मला वाटते, ते सांगते. "वर्गाने फार गोंधळ घातला" असे लिहिलेल्या चिठ्ठीचे मी काहीच करू शकत नाही. कोणी घातला, केव्हा, काम कुठपर्यंत आले, हे त्यात नसते, आणि मग मला सगळ्या वर्गाला बोलावे लागते, ज्यात शांत बसून काम केलेली मुले विनाकारण भरडली जातात. त्याउलट "तिसऱ्या प्रश्नाशी बहुतेक मुले अडली" एवढे एक वाक्य मला दुसऱ्या दिवशीच्या तासाची सुरुवात देऊन जाते. आणि कोणी मदत केली, कोणी एकट्याने काम पूर्ण केले, ते अवश्य लिहावे. त्या मुलाच्या पाच प्रश्नांची नोंद माझ्या वर्गाची असती, तर ती त्याच्याच नावावर मला हवी होती.

नावे बदलल्याचे मला सांगावे, पण तोंडी आणि तुम्ही मुलांशी बोलून झाल्यावर. लेखी कागद झाला की त्याला कार्यालयाचे पाय फुटतात आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची एका तासाची खोडी त्याच्या नावामागे वर्षभर फिरते.

आम्हा वर्गशिक्षकांचीही यात चूक असते, आणि ती मी मान्य करते. "प्रश्न सोडवून घ्यावेत" ही चिठ्ठी मीही अनेकदा लिहिली आहे. आता मी बसण्याचा आराखडा, मदत करू शकतील अशा दोन मुलांची नावे आणि काम लवकर संपले तर काय करावे, एवढे एका कागदावर लिहून वर्गाच्या कपाटात कायम ठेवते, कारण ताप आलेल्या सकाळी ते लिहायचे त्राण नसते.

शांततेविषयीही थोडे सांगते. बदली शिक्षक प्रश्न विचारतात आणि वर्ग गप्प राहिला की घाबरून लगेच स्वतःच उत्तर देतात. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले होते की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात, आणि ते थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढवले तर मुलांची उत्तरे लांब होतात आणि अधिक मुले स्वतःहून बोलतात. अनोळखी वर्गात तीन सेकंद फार मोठे वाटतात, हे मी जाणते. तरीही थांबावे. गणिताच्या सरांनी त्या मुलीला दिलेला वेळ तर तीन सेकंदांहून कितीतरी जास्त असणार.

उत्तर (नवखी बदली शिक्षिका):

सर्वांचे मनापासून आभार. शुक्रवारी मला तोच वर्ग पुन्हा मिळाला, म्हणून काय झाले ते कळवते.

तास सुरू होण्याआधी मी त्या दोघांना दाराबाहेर बोलावले. रागावले नाही. माझ्या नोंदीचा कागद पुढे केला आणि म्हटले, "या पाच प्रश्नांपुढे चुकीचं नाव लागलं आहे. ते कोणी बरोबर करायचं?" दोघेही गप्प होते. मी थांबले, आणि तीन सेकंद खरोखरच मोठे असतात. मग ज्याच्या नावावर फुकटचे श्रेय लागले होते, त्या मुलानेच पेन घेतले, आपले नाव खोडले आणि वर मित्राचे लिहिले. दुसरा एवढेच म्हणाला, "बाई, त्या दिवशी सांगणार होतो, पण घंटा झाली." ते खरे असावे असे मला वाटले, कारण माझेही तसेच झाले होते. वर्गशिक्षकांना मी शिक्षक-खोलीत दोन वाक्यांत सांगितले आणि तो कागद दिला. त्यांनी वाचून तो आपल्या वहीत ठेवला.

हजेरी मी या वेळी वह्या उघडल्यावर, बाकांमधून फिरत घेतली. एका मुलीच्या नावाचा उच्चार मी पाच महिने चुकीचा करत होते, हे मला त्या दिवशी तिच्या शेजारी उभे राहून विचारल्यावर कळले.

शेवटची बारा मिनिटे उरली, तेव्हा ६१७४ चा प्रयोग केला. खिडकीजवळच्या बाकावरचा तो मुलगा ८५३२ पर्यंत आला होता, म्हणजे एकच पायरी बाकी होती, आणि घंटा झाली. बाकीची मुले दप्तरे भरत होती. तो उभ्याने, एक पाय बाकाबाहेर ठेवून ती वजाबाकी पूर्ण करत होता, आणि मी दाराशी थांबले.