आधी वासे तपासा, मग कौलांचं बघू

छत तीन-चार ठिकाणी गळतंय आणि मिस्त्री म्हणतोय की सगळी कौलं उतरवून पत्रे घाला, असं वर विचारलंय. एवढी घाई नको. डाग दिसतो त्याच्या बरोबर वरच फट असते असं नाही; पाणी वाशावरून, म्हणजे कौलांखालच्या तिरक्या लाकडावरून, घरंगळत येतं आणि भलतीकडेच टपकतं. डागापासून चढाच्या दिशेने शोधत जा. बहुतेकदा गडबड सांध्यात निघते: छत भिंतीला मिळतं तिथे, दोन पाखी (छताचे उतार) जुळतात त्या पन्हळीत किंवा आढ्यावर, म्हणजे छताच्या सगळ्यात वरच्या कण्यावर. फुटकी कौलं बदलणं हे काही मोठं काम नव्हे.

खरा निकाल लाकूड देतं. वासा भिंतीवर टेकतो त्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा, कारण ओल तिथेच मुरते. टोक सहज आत शिरलं किंवा लाकूड चौकोनी तुकड्यांत तडकलेलं दिसलं, तर ते कुजलंय. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला रान मोकळं. एक-दोन वासेच गेले असतील तर शेजारी जोडवासा, म्हणजे त्याला लागून दुसरा वासा, देऊन भागतं. पण लांबून बघताना आढ्याची रेघच मधे खचलेली दिसली, तर डागडुजीत पैसे घालू नका, छत बदलाच.

गळतीवर डांबर फासायचा सल्ला वर कुणीतरी दिलाय, तो मला पटत नाही. ओल आत कोंडते आणि पुढे गळती शोधणंही अवघड होतं.

आणि हो, जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस (फुफ्फुसांना घातक खनिज तंतू) असू शकतं, ते पत्रे स्वतः कापायला-फोडायला जाऊ नका.