व्हॅक्यूम क्लीनर वायरचा घ्यावा की बॅटरीचा? कूलर लागण्यापूर्वी सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

ए-१०३ : सर्वांना नमस्कार. फाटकासमोर सिमेंट रस्त्याचे काम सुरू झाल्यापासून तळमजल्यावर आमची फार पंचाईत झाली आहे. सकाळी फडा मारून, पोछा लावून घर स्वच्छ केले, तरी दुपारी ताटे मांडण्यापूर्वी टेबल पुन्हा पुसावे लागते. मुलाला धुळीची अ‍ॅलर्जी असल्यामुळे डॉक्टरांनी कोरडा झाडू बंद करायला सांगितले आहे. व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचे ठरले, पण सीताबर्डीच्या बाजारात दुकानदार कॉर्डलेसच (बॅटरीवर चालणारे) दाखवतात आणि घरी सासरे म्हणतात की वायरचाच घ्या. ज्यांनी दोन-तीन वर्षे वापरला आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव कळवावा.

बी-४०२ : ताई, आमच्याकडे वायरचा यंत्र नऊ वर्षांपासून आणि कॉर्डलेस तीन वर्षांपासून आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. एकच यंत्र घ्यायचे असेल आणि घरात अ‍ॅलर्जीचे मूल असेल, तर वायरचा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या घरांतली फरशी गुळगुळीत असते, तिच्यावरची धूळ ओल्या पोछ्याने निघते. मुलाला त्रास देणारी धूळ गादीत, सोफ्याच्या शिवणीत, पडद्यांत आणि पायपुसण्यात मुरलेली असते. ती काढायला सलग वीस-पंचवीस मिनिटे पूर्ण जोराने ओढणारे यंत्र लागते. कॉर्डलेसच्या खोक्यावर लिहिलेली चाळीस मिनिटे ही सगळ्यात कमी वेगावरची असतात. पूर्ण वेगावर आमचे यंत्र नवे असतानासुद्धा दहा मिनिटांत थांबत असे, म्हणजे डबल बेडच्या गादीची एक बाजू जेमतेम व्हायची.

दुसरे कारण आपल्या उन्हाळ्याचे आहे. लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही. यंत्राच्या पुस्तिकेत ४० अंशांच्या वर चार्ज करू नये, असे छापलेले होते, पण आम्ही चार्जर कोरड्या बाल्कनीत टांगला आणि मे महिन्यात पारा ४५ वर असताना दुपारी तिथेच चार्ज करत राहिलो. तिसऱ्या वर्षी बॅटरी निम्म्यावर आली. ज्यांच्याकडे कॉर्डलेस आहे त्यांनी उन्हाळ्यात तो सकाळी लवकर, घरातल्या सर्वांत थंड खोलीत चार्ज करावा, अशी कळकळीची विनंती आहे.

दुकानात ‘१६०० वॉट आहे, म्हणजे दणकट आहे’ असे सांगतील, त्यावर निर्णय घेऊ नका. वॉट म्हणजे यंत्र खात असलेली वीज. ते ओढते किती, हे त्यावरून कळत नाही. युरोपात २०१४ साली घरगुती व्हॅक्यूम क्लीनरवर १६०० वॉटची आणि २०१७ साली ९०० वॉटची मर्यादा घातली, तरी चांगली साफसफाई करणारी यंत्रे तिथे मिळतच राहिली, कारण खरे काम पंख्याची, नळीची आणि तोंडाची रचना करते. विजेच्या बिलाची काळजी असेल, तर १४०० वॉटचे यंत्र अर्धा तास चालवले की ०.७ युनिट होते.

अ‍ॅलर्जीसाठी फिल्टर मात्र नीट पाहून घ्यावा. खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, ९९.९७ टक्के कण अडवतो. पण यंत्राच्या सांध्यांतून हवा निसटत असेल, तर त्या फिल्टरचा उपयोग राहत नाही. आमच्या पहिल्या स्वस्त यंत्राच्या मागे मी एकदा दिवे मालवून टॉर्च धरला होता. पुढून ओढलेली बारीक धूळ मागच्या जाळीतून झोतासारखी बाहेर पडत होती, आणि ती खोलीभर तरंगताना पाहिल्यावर ते यंत्र मी त्याच आठवड्यात काढून टाकले.

सी-२०४ : तुमचे सगळे पटते, पण माझी बाजूही ऐकून घ्या. आमचा वायरचा यंत्र माळ्यावर असायचा. तो उतरवा, नळी जोडा, बोर्ड शोधा, वायर ओढत खोली बदला, हे माझ्या गुडघ्यांना झेपत नसल्यामुळे तो वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईलाच निघत असे. सूनबाईंनी कॉर्डलेस आणल्यापासून तो दाराशी खुंटीला टांगलेला असतो आणि सोफा, पायपुसणी, नातवाच्या चटईवरचा चुरा मी रोज पाच मिनिटांत ओढून घेते. माळ्यावर पडलेल्या दणकट यंत्रापेक्षा रोज हातात येणारे यंत्र अधिक धूळ काढते, हा माझा दोन वर्षांचा अनुभव आहे.

बी-४०२ : काकू, तुमचे म्हणणे मला मान्य आहे. वायरचा यंत्र घेणाऱ्यांनी तो माळ्यावर ठेवूच नये; पलंगाशेजारी, बोर्डाजवळ, नळी जोडलेल्या स्थितीत ठेवला तरच तो वापरला जातो. फक्त एक लक्षात घ्यावे की बहुतेक कॉर्डलेसमध्ये मोटर आणि बॅटरी मुठीपाशी असतात, त्यामुळे पडदे किंवा कपाटाच्या वरची बाजू साफ करताना सगळा भार मनगटावर येतो. वायरच्या यंत्राचे वजन जमिनीवर असते आणि हातात केवळ नळी राहते.

डी-३०१ : माझी चूक इतरांनी करू नये म्हणून लिहितो. बाथरूमच्या टाइल्स बदलल्यावर उरलेली कटाईची पांढरी भुकटी मी घरच्या यंत्राने ओढली. फिल्टर क्षणात बुजला, मोटर तापली आणि जळका वास येऊन यंत्र बंद पडले. सिमेंट, टाइल्सची भुकटी, रांगोळी आणि राख यांना घरगुती यंत्र लावू नये. ओल्या फडक्यानेच ती उचलावी.

ए-१०३ : सर्वांचे मनापासून आभार. आणखी एक शंका आहे. आमचा कूलर रस्त्याच्या बाजूच्या खिडकीला आहे. यंत्र घेतले तरी कूलर सुरू झाल्यावर सगळी धूळ आतच येईल ना?

बी-४०२ : ताई, हा प्रश्न यंत्राच्या खरेदीपेक्षाही महत्त्वाचा आहे. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, त्यामुळे तो चालू असताना उघड्या खिडक्यांतून हवा बाहेर जाते आणि तिकडून धूळ फारशी येत नाही. जी येते ती कूलरच्या ताट्यांतून, म्हणजे बाजूंना लावलेल्या गवती जाळ्यांतून. ताट्या ओल्या असतील तर बरीचशी धूळ त्यांना चिकटते आणि पाण्याबरोबर खाली उतरते. आठ दिवसांनी टाकीच्या तळाशी बोटभर गाळ साचतो तो हाच. ताट्या कोरड्या असताना पंखा लावला, तर त्यांत अडकलेली सगळी माती आणि जुन्या क्षारांची पांढरी पूड एका झोतात खोलीत येते. म्हणून आधी दहा मिनिटे फक्त पंप चालवावा, तिन्ही ताट्या भिजल्याची खात्री करावी आणि मगच पंखा सुरू करावा. मागच्या वर्षीच्या ताट्यांवर मिठासारखे कडक थर आले असतील, तर त्या झटकून पुन्हा न लावता नव्याच टाकाव्यात. टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासावी आणि कूलर बंद केला की रस्त्याकडच्या खिडक्या लगेच लावाव्यात.

यासोबत दाराबाहेर एक आणि दाराआत एक अशी दोन पायपुसणी ठेवावीत आणि चपला बाहेरच राहू द्याव्यात. गादी साफ करताना मुलाला दुसऱ्या खोलीत ठेवावे आणि धुळीचा डबा घरात न झटकता खाली कचऱ्याच्या पिंपाजवळ, डब्याचे तोंड पिशवीत घालून हळूच रिकामा करावा. फिल्टर धुतला तर पूर्ण एक दिवस सावलीत वाळवावा. ओलसर फिल्टर बसवल्यास कुबट वास येतो.

सचिव : रस्त्याच्या ठेकेदाराने दिवसातून दोनदा पाणी मारावे, असे पत्र मी उद्या देतो. जुन्या बॅटऱ्या कोणीही घंटागाडीत टाकू नयेत. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनुसार त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून त्या माझ्याकडे जमा कराव्यात. मी त्या एकत्र पाठवण्याची व्यवस्था करतो.

सी-२०४ : ताई, खरेदीपूर्वी दोन्ही यंत्रे तुमच्याच गादीवर चालवून पाहा. माझा कॉर्डलेस मी आणते.

बी-४०२ : उत्तम. रविवारी सकाळी १० वाजता मीही वायरचा घेऊन येतो. आधी काकूंचा कॉर्डलेस अर्ध्या गादीवर पाच मिनिटे चालवू, मग त्याच भागावर वायरचा पाच मिनिटे चालवू, आणि दुसऱ्या वेळी डब्यात किती धूळ येते ते पाहू.

ए-१०३ : नक्की या. तोपर्यंत गादीवरची चादर काढून ठेवते आणि मुलाला आजीकडे पाठवते.