मदत हवी आहे: उद्यमबागची होल्डिंग कंपनी, शिनोळीची उपकंपनी, कंपनी कायद्याच्या कलम २३३ चं विलीनीकरण

मंडळी, बेळगावच्या उद्यमबागेत एक प्रायव्हेट लिमिटेड फौंड्री आणि तिच्या १०० टक्के मालकीचं मशीन शॉप सीमेपलीकडे महाराष्ट्रात शिनोळीला. गाव हाकेच्या अंतरावर, पण एकीचा आरओसी (कंपनी निबंधक) बेंगळुरू, दुसरीचा पुणे. उपकंपनी होल्डिंगमध्ये विलीन करायची आहे. एनसीएलटी (कंपनी कायदा न्यायाधिकरण) नको, कलम २३३ चा फास्ट ट्रॅकच.

सीएए-९ फॉर्ममधली स्कीमची (विलीनीकरण योजनेची) नोटीस दोन्ही आरओसी आणि अधिकृत लिक्विडेटर यांना जाणार, हरकतींना ३० दिवस. सीएए-१० (कर्ज फेडण्याच्या क्षमतेचं घोषणापत्र) दोघींचं वेगवेगळं, तेही सभेआधी. भागधारकांची ९० टक्के मंजुरी म्हणजे घरातलीच सही. अडतंय ते धनकोंपाशी: मूल्याने नऊ-दशांश संमती लागते आणि बँकेची कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) एकटीच निम्म्याहून जास्त. बँकेनं मान हलवली नाही तर पिग आयर्न (कच्चं लोखंड) पुरवणाऱ्यांच्या पंधरा सह्या गोळा करून काय उपयोग?

तर विचारायचं असं:

बँकेचं ना-हरकत पत्र आधी घ्यावं की स्कीमचा मसुदा आरओसीकडून फिरून आल्यावर? मसुदा बदलला की बँक पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, म्हणून विचारतोय.

शिनोळीच्या जीएसटी क्रेडिटचं काय? आयटीसी-०२ (क्रेडिट हस्तांतराचा फॉर्म) पोर्टलवर एकाच राज्यात चालतो. महाराष्ट्राचं (कोड २७) क्रेडिट त्यातून कर्नाटकात (२९) येत नाही. होल्डिंगची महाराष्ट्रात नोंदणी आधीच काढून ठेवावी ना?

शिनोळीच्या प्लॉटवर विलीनीकरणाच्या आदेशाचं मुद्रांक शुल्क कोल्हापुरात कुणी भरलंय का? आदेश आरओसीकडे दाखल करायच्या आयएनसी-२८ फॉर्मला ३० दिवसच आहेत, म्हणून घाई.