मदत हवी आहे: रात्रीचा भात, सकाळची फोडणी

आमच्याकडे उरलेला भात कुकरच्या डब्यातच रात्रभर ओट्यावर राहतो आणि सकाळी फोडणीला पडतो. सासूबाई म्हणतात, "चांगली वाफ आणली की काही होत नाही." पण बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू (त्याचं कवचातलं, चिवट रूप) शिजवूनही टिकतात, भात बाहेर राहिला की वाढतात आणि त्यांचं उलटी आणणारं विष फोडणीनेही जात नाही. वासावरूनही कळत नाही. हे त्यांना न दुखावता सांगायचं कसं?

परवा न्याहारीनंतर दोनेक तासांत लेकाला उलट्या झाल्या, ताप नव्हता. जलसंजीवनी दिली, संध्याकाळी पठ्ठ्या खेळायला पळाला! भातामुळेच असेल का? डॉक्टरांकडे नेमकं कधी न्यायचं? गरम भात परातीत पसरून, निववून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवता का कुणी? आणि रात्री लाइट गेली तर?