‘ॲक्विझिशन’ म्हणजे खरेदी, संपादन की अधिग्रहण?

मूळ प्रश्न

अमेरिकी सैन्याच्या शस्त्रव्यवहारातल्या सुधारणांवरचा लेख मराठीत करतोय. नोव्हेंबर २०२५मध्ये तिथल्या संरक्षण खात्याचे मंत्री पीट हेगसेथ यांनी ‘डिफेन्स ॲक्विझिशन सिस्टिम’चं ‘वॉरफायटिंग ॲक्विझिशन सिस्टिम’ केलं आणि ‘पोर्टफोलिओ ॲक्विझिशन एक्झिक्युटिव्ह’ असं नवं पद जाहीर केलं. मी या पदाला ‘संपादन अधिकारी’ म्हटलं, तर घरातून विचारणा झाली, कुठल्या दैनिकात? ‘खरेदी अधिकारी’ म्हणावं तर कचेरीसाठी कागद आणि टाचण्या मागवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. काय लिहू?

प्रतिसाद १

अधिग्रहण. हिंदीत सर्रास चालतं.

प्रतिसाद २

हिंदीत चालतं म्हणूनच जपून. मराठी सरकारी कागदात अधिग्रहणाचा अर्थ वेगळा आहे. टंचाईत विहीर अधिग्रहित होते, निवडणुकीत जीपगाड्या होतात. वापर सरकारचा, मालकी मूळ मालकाची, काम झालं की वस्तू परत. कायमचं घ्यायचं असेल तर आपण भूसंपादन म्हणतो, त्यालाच हिंदीत भूमि अधिग्रहण. लढाऊ विमान काही महिन्याभराने परत द्यायचं नसतं. तेव्हा संपादनच बरोबर. विश्वास संपादन करतो तेव्हा कुणाला वर्तमानपत्र आठवत नाही. ‘शस्त्रसंपादन’ असा जोडशब्द करा, म्हणजे दैनिकाची शंका येणार नाही.

प्रतिसाद ३

शब्द पटला. पण ‘खरेदी’ नको याचं खरं कारण पुढचं आहे. खरेदी म्हणजे प्रोक्युअरमेंट, आणि तो या साखळीतला एकच दुवा. आधी गरज ठरते, मग आराखडा, चाचण्या, उत्पादन आणि पुढे कित्येक वर्षांची देखभाल. हे सगळं मिळून ॲक्विझिशन. अमेरिकेच्या अर्थसंकल्पात संशोधन-चाचणीचा पैसा आणि प्रोक्युअरमेंटचा पैसा वेगवेगळ्या शीर्षाखाली असतो. आपल्याकडेही भांडवली खर्चाच्या नियमावलीचं नाव २०२०मध्ये ‘डिफेन्स प्रोक्युअरमेंट प्रोसीजर’वरून ‘डिफेन्स ॲक्विझिशन प्रोसीजर’ झालं, महसुली खर्चाच्या पुस्तिकेत मात्र ‘प्रोक्युअरमेंट’ तसंच राहिलं. सुधारणांचा बराचसा रोख खरेदीच्या आधीच्या वर्षांवर आहे. तिथे ‘खरेदी’ लिहिलंत तर वाचक म्हणेल, मग घ्या की विकत, अडलंय कुठे?

मूळ प्रश्नकर्ता

आभार. आता ‘माइलस्टोन बी’. मैलाचा दगड ब?

प्रतिसाद ३

अजिबात नको! मराठीत मैलाचा दगड हा सत्कार समारंभातला शब्द झालाय. कुणी पंचाहत्तरी गाठली की तो निघतो. इथला माइलस्टोन अडवणारा आहे. कागद तपासतात, पटलं तर पुढे सोडतात. ए, बी, सी असे तीन, आणि ‘बी’ ओलांडला की प्रत्यक्ष विकसनाचं काम सुरू. मी त्याला ‘नाका’ म्हणेन.

अमेरिकेच्या नव्या सेंटिनेल अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राचं उदाहरण घ्या. तिथल्या १९८२च्या नन-मॅककर्डी कायदादुरुस्तीनुसार नगामागचा खर्च चालू अंदाजापेक्षा २५ टक्के किंवा मूळ अंदाजापेक्षा ५० टक्के वर गेला, तर काम चालू ठेवणं का गरजेचं आहे हे संसदेला प्रमाणित करून द्यावं लागतं, नाहीतर प्रकल्प बंद. सेंटिनेलने ही रेषा ओलांडल्याचं जानेवारी २०२४मध्ये कळवलं गेलं. जुलैत प्रमाणपत्र मिळालं, सुधारित अंदाज सुमारे १४१ अब्ज डॉलर, म्हणजे ८१ टक्के वाढ. त्याच वेळी २०२०मध्ये दिलेला माइलस्टोन बी काढून घेतला. ‘मैलाचा दगड मागे घेतला’ असं लिहून बघा, रस्त्यातून उपटून नेल्यासारखं वाटतं. ‘दुसऱ्या नाक्यावरून परत पाठवलं’ म्हटलं की कळतं.

प्रतिसाद २

नाका झकास. ती रेषा ओलांडण्याला इंग्रजीत ‘ब्रीच’ म्हणतात, त्याला मात्र ‘उल्लंघन’ लिहू नका, कुणीतरी कायदा मोडला असं वाटेल. ‘खर्चमर्यादा ओलांडली’ एवढंच पुरे. आणि ‘प्रोग्राम’ला कार्यक्रम म्हणू नका. सतारवादन आठवतं, नाहीतर हल्लीचं राजकारण. ‘अमुक कार्यक्रम रद्द’ वाचून लोक विचारतील, कुणी कुणाचा कार्यक्रम केला?

प्रतिसाद १

अधिग्रहण मागे घेतो. पण ‘पोर्टफोलिओ’चं काय? मंत्र्याचं असतं ते खातं?

प्रतिसाद ३

‘खातेप्रमुख’ लिहिलं की वाचकाला सरकारी खातं दिसणार. याआधीच्या ‘प्रोग्राम एक्झिक्युटिव्ह ऑफिसर’ या पदाकडेही अनेक प्रकल्प असायचेच. नव्यात भर आहे तो एकाचा पैसा दुसऱ्याकडे वळवण्याच्या अधिकारावर. म्हणजे एका जातीच्या शस्त्रांचा गट आणि त्याचा एकच धनी. ‘शस्त्रगट प्रमुख’?

मूळ प्रश्नकर्ता

‘शस्त्रगट संपादन प्रमुख’ असं केलं आणि घरी वाचून दाखवलं. दैनिक गेलं. आता विचारणा आहे, गट कुणाचा, शिंद्यांचा का पवारांचा?