शब्दचर्चा : ‘कॅश्यू’ म्हणजे काजूतलं नेमकं काय? (बोलणारे आपापल्या गावाच्या नावाने)

म्हापसा : काजूप्रक्रियेवरची एक इंग्रजी माहितीपुस्तिका मराठीत आणायची आहे. मूळ मजकुरात ‘कॅश्यू’, ‘कॅश्यू नट’, ‘कॅश्यू कर्नल’, ‘रॉ कॅश्यू’ आणि ‘कॅश्यू ॲपल’ असे पाच शब्द आहेत. हातात आलेल्या मराठी मसुद्यात चार ठिकाणी सरसकट ‘काजू’ लिहिलं आहे आणि पाचव्या ठिकाणी ‘काजूचे सफरचंद’. गोव्यातल्या वाचकाला हे चालणार नाही. कुठे काय वापरावं? आणि ‘कॅश्यू’ हा शब्द आपल्या ‘काजू’वरूनच इंग्रजीत गेला असं सगळीकडे सांगतात, ते खरं का?

पणजी : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते सोपं आहे. आपल्या ‘काजू’वरून ‘कॅश्यू’ झालेला नाही. झाड मूळ ब्राझीलचं. तिथल्या किनाऱ्यावरच्या तुपी भाषेत त्याचं नाव ‘आकाजू’ असं काहीसं होतं. पोर्तुगीजांनी ते उचललं, सुरुवातीचा ‘आ’ गळला आणि ‘काजू’ उरलं. त्यांच्या ‘जू’चा उच्चार इंग्रजी ‘मेझर’मधल्या ‘झ’सारखा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनीच झाड हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आणलं. नावही त्यांच्याच गलबतातून उतरलं आणि कोंकणी-मराठीत कायम झालं. इंग्रजीत ‘कॅश्यू’ हे रूप 1700च्या सुमारास दिसू लागतं. ते पोर्तुगीजांकडून थेट आलं की फ्रेंचांमार्फत, यावर कोशांचं एकमत नाही. दोन्ही वाटांनी मूळ तुपीच.

फ्रेंचांनी तो पहिला ‘आ’ टाकला नाही, पण आजच्या फ्रेंचमध्ये ‘आकाजू’ म्हणजे महोगनीचं लाकूड. काजूच्या बीसाठी ते ‘काजू’ असा आखूड शब्दच वापरतात. फ्रेंचमधून भाषांतर करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, नाहीतर महोगनीचं कपाट काजूच्या लाकडाचं होऊन बसेल.

तुपी भाषेत याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘वर्ष’ असाही होता. काजूचा मोसम वर्षातून एकदा येतो, त्यावरून माणसाचं वय मोजत.

मडगाव : पणजीच्या उत्तराला एक जोड. खरी गंमत शब्दापेक्षा त्याच्या अर्थाची झाली आहे. ब्राझीलमध्ये आजही नुसतं ‘काजू’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते बीच्या वरचं रसाळ बोंड, आपला बोंडू. बीला ते वेगळं नाव देतात, ‘कास्तान्या द काजू’, म्हणजे काजूची चेस्टनट. झाडाला ‘काजुएय्‌रु’. तिन्ही वस्तूंना तीन नावं. इंग्रजीत मात्र ‘कॅश्यू’ म्हणजे आधी बी, आणि बोंडासाठी ‘ॲपल’चं शेपूट जोडावं लागतं. असं का व्हावं? बोंडू झाडावरून पडला की दिवसभरात मऊ होतो, दुसऱ्या दिवशी आंबतो. तो जहाजाने कुठे जाणार? वाळवलेली बी मात्र टरफलासकट महिनोन्‌महिने टिकते. लंडनला जी वस्तू पोचली तिलाच नाव चिकटलं. मुंबई-पुण्याकडच्या मराठीतही तेच झालं, तिथे काजू म्हणजे बरणीतला पांढरा गर.

गोवा यात मधोमध आहे. ‘काजू पिकले’ म्हणताना आपण बोंडू बघत असतो, ‘काजू फोडले’ म्हणताना बी आणि ‘पाव किलो काजू’ म्हणताना गर. म्हणूनच ‘काजूची फेणी’, म्हणजे बोंडूच्या रसापासूनची दारू, ऐकून बाहेरचे लोक विचारतात की एवढा महाग गर दारूत कसा घालता.

केपे : आता मूळ प्रश्न. शब्द निवडण्याआधी वस्तू कुठली ते ठरवा, मग अडणार नाही.

बोंडू हे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात फळच नव्हे. तो फुलाचा फुगलेला देठ. खरं फळ म्हणजे खाली लटकणारी बी. इंग्रजीतलं ‘नट’ही शास्त्रीय अर्थाने बरोबर नाही, पण व्यवहारात रुळलंय, तो वाद पुस्तिकेत घालू नका. ‘ॲपल’चं भाषांतर मात्र करूच नका. जुन्या इंग्रजीत ‘ॲपल’ कुठल्याही फळाला म्हणत, अननसाच्या इंग्रजी नावातही तो आहे, आणि आपण अननसाला देवदार-सफरचंद म्हणत नाही. सरळ ‘बोंडू’ लिहा.

‘कॅश्यू नट’ टरफलासकट असेल तर ‘काजूबी’. ‘कर्नल’ म्हणजे ‘काजूगर’. गरावरची तांबूस पापुद्र्यासारखी साल वेगळी, तिला ‘टरफल’ म्हणू नका. पुस्तिकेत दोन्ही येणार आणि दोन्ही काढण्याच्या पायऱ्या वेगळ्या आहेत. बी फोडताना टरफल जातं, भट्टीत सुकवल्यावर साल निघते. मसुद्यात दोन्हीकडे ‘सोलणे’ असेल तर वाचणारा गोंधळेल. एकाला ‘फोडणे’, दुसऱ्याला ‘सोलणे’ ठेवा.

सगळ्यात फसवा शब्द ‘रॉ कॅश्यू’. व्यापाऱ्याच्या कागदात त्याचा अर्थ टरफलातली, प्रक्रिया न झालेली बी. परदेशी दुकानाच्या पाकिटावर त्याचा अर्थ न भाजलेला, बिनमिठाचा गर. तो गरसुद्धा खऱ्या अर्थाने कच्चा नसतो, कारण टरफल फोडण्याआधी बी वाफवलेली किंवा भाजलेली असते. टरफलाच्या मधल्या जाळीदार थरात जळजळीत तेल असतं, ते कातडीला लागलं की फोड येतात. वाफेने टरफल ठिसूळ होतं आणि गर अख्खा निघतो. घाईने गरम असतानाच फोडली तर गर तुटतो, म्हणून वाफवलेली बी रात्रभर पसरून ठेवतात. तेव्हा पहिल्या ठिकाणी ‘कच्ची बी’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘न भाजलेला गर’. एकच मराठी शब्द दोन्हीकडे घातलात तर हिशेबच चुकेल, कारण एक किलो बीतून गर निघतो साधारण 220 ते 280 ग्रॅम.

म्हापसा : पुस्तिकेत ‘आउटटर्न 48’ असाही उल्लेख आहे. तो टक्का समजायचा?

केपे : टक्का नव्हे. 80 किलोच्या पोत्यामागे खाण्याजोगा गर किती पौंड निघतो तो आकडा. 48 पौंड म्हणजे पावणेबावीस किलोच्या आसपास, म्हणजे 27 टक्के. कुणी ‘48 टक्के उतारा’ लिहिलं तर गावचा शेतकरी पुस्तिका तिथेच मिटेल. मराठीत ‘उतारा’ चांगला शब्द आहे, फक्त पुढे ‘80 किलोमागे पौंडांत’ एवढं लिहा.

प्रतवारीचंही तसंच. ‘डब्ल्यू 240’, ‘डब्ल्यू 320’ यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे पांढरा अख्खा गर आणि आकडा म्हणजे एका पौंडात, 454 ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती नग बसतात. आकडा वाढला की काजू बारीक. नेहमीच्या प्रतींत 180 सगळ्यांत टपोरा. भाजताना रंग चढलेल्या अख्ख्या गराला ‘स्कॉर्च्ड’ म्हणतात. ‘करपलेला’ लिहू नका, करपलेला माल कोण घेईल? ‘तांबूस भाजलेला’ ठीक आहे. ‘स्प्लिट’ला आपल्याकडे ‘पाकळी’ हा शब्द आहेच, उभा दुभंगलेला गर.

सत्तरी : बोंडूच्या प्रकरणात पुस्तिकेने ‘कॅश्यू ज्यूस’ एकच शब्द वापरला असेल तर तिथेही थांबा. गोव्यात ते एक पेय नाही. बोंडू तुडवून दाबल्यावर निघतो तो रस, आणि चोथ्यातून आपोआप झिरपतो तो ‘नीरो’. नीरो स्वच्छ, गोड आणि कमी तुरट. तो थंड करून लगेच प्यायचा, उन्हात ठेवला तर काही तासांत फसफसतो. फेणीच्या रसासाठी बोंडू झाडावरून काढत नाहीत, आपणहून पडलेला वेचतात. अर्धवट पिकलेला घातला तर तुरटपणा दारूतही उतरतो, दोन दिवस पडून राहिलेला घातला तर आंबूस वास येतो. पिरगळून बी वेगळी करायची, बोंडू कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडीत, तुडवायचे, रस मडक्यांत दोन-तीन दिवस आंबवायचा आणि मग भाणात, म्हणजे दारू गाळायच्या भांड्यात, घालून जाळ द्यायचा. पहिल्या उकळीत उतरतो तो ‘उर्राक’, हलका. उर्राकात पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा गाळली की फेणी, साधारण 42 ते 45 टक्के मद्यार्काची. जाळ मोठा केला तर रस उसळून नळीत येतो आणि धुराचा वास कायमचा बसतो.

शब्दचर्चा आहे म्हणून एवढंच, ‘उर्राक’ आणि इंग्रजी ‘अरॅक’ यांचं मूळ एकच, अरबी ‘अरक’, म्हणजे घाम. भांड्याच्या तोंडाशी थेंब जमतात त्यावरून. ‘फेणी’ मात्र घरचा शब्द, फेण म्हणजे फेस. काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे पुस्तिकेत तिला ‘काजूची दारू’ म्हणणं आता कायद्याच्या भाषेतही ढिलं ठरेल.

मडगाव : एक धोक्याची जागा राहिली, ‘बिबे’. कोंकणीत ओल्या काजूबीला ‘बिबो’, अनेकवचनी ‘बिबे’. घाटावरच्या मराठीत ‘बिब्बा’ म्हणजे कपड्यांवर खूण करायचं काळं फळ. दोन्ही एकाच कुळातली झाडं, आंबाही त्यातलाच, आणि दोघांच्या टरफलात अंग भाजणारं तेल. पाहणाऱ्यांना नवं झाड ओळखीच्या बिब्ब्यासारखं दिसलं आणि जुनं नाव नव्याला मिळालं. हे आपल्याकडेच झालं असं नाही. तेलुगूत ‘जीडि’ म्हणजे बिब्बा आणि काजूगर म्हणजे ‘जीडिपप्पु’. कन्नडमधला ‘गेरु’ दोन्हीकडे चालतो. मल्याळममध्ये मात्र ते आंब्याकडे वळले, ‘कशुमावु’, यातला ‘मावु’ म्हणजे आंब्याचं झाड.

शास्त्रीय नावातही तीच अदलाबदल आहे. ‘ॲनाकार्डियम’ हे युरोपच्या वैद्यांनी बिब्ब्याला दिलेलं जुनं नाव, हृदयासारख्या आकारावरून. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताच्या 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात ‘आनाकार्दो’ आहे तो बिब्बाच, इथले लोक त्याला ‘बिबो’ म्हणतात असं तो नोंदवतो. काजूवर त्यात प्रकरण नाही. पुढे 1578 साली क्रिस्तोव्हाँव द कोस्ता हा दुसरा वैद्य काजूचं वर्णन करतो, तेही कोचीनच्या बागांतलं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीयसने 1753 मध्ये काजूला ‘ॲनाकार्डियम ऑक्सिडेंटाले’, पश्चिमेकडचा ॲनाकार्डियम, म्हटलं आणि नाव कायमचं काजूकडे गेलं. बिब्ब्याच्या वाट्याला ‘सेमेकार्पस’ आलं, खूण करणारं फळ. जुन्या वैद्यकातला ‘ॲनाकार्डियम’ वाचून कुणी काजू समजला तर औषधच बदलेल.

पुस्तिका गोव्याबाहेरही जाणार असेल तर ‘बिब्याची भाजी’ असं नुसतं लिहू नका. ‘ओल्या काजूगरांची भाजी’ लिहा, कंसात ‘बिबे’.

म्हापसा : ओले काजूगर सोलण्याची कृती पुस्तिकेत दोन ओळींत आहे, ‘बी चिरून गर काढा.’ एवढं पुरे?

केपे : पुरे नाही. आधी हाताला आणि सुरीला खोबरेल तेल चोपडायचं, चीक कातडीला सरळ लागत नाही. बी उभी चिरायची, गर टोकदार काडीने उचलायचा, बोटाने उकरायचा नाही. मग गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवला की साल बोटांनी निघते. पाणी ओतून टाकायचं, भाजीत वापरायचं नाही. टरफलं चुलीत टाकू नका, त्यांचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. आणि ज्यांना काजू खाऊन अंगावर पित्त उठतं त्यांनी पिस्त्यापासूनही सांभाळून राहावं, ही एक ओळ इशाऱ्यांत घाला. कूळ एकच आहे.