एमडी२ (क्वेक २ चा थ्रीडी मॉडेल फॉरमॅट) मध्ये ध्वजवाल्याच्या चपला थरथरतात, रिग (आतला हाडांचा सांगाडा) चुकलंय का?

पंचवटीचा_ढोली: क्वेक २ या जुन्या शूटर गेमच्या इंजिनवर छोटा गेम करतोय. नाशिकच्या रविवार कारंज्यावरची मिरवणूक, पहिलं कॅरेक्टर आमच्या पथकातला ध्वजवाला. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ॲनिमेशन एकदम स्वच्छ. एमडी२ मध्ये एक्स्पोर्ट केलं की ध्वज डावी-उजवीकडे फिरताना गड्याच्या कोल्हापुरी चपला थरथरतात. तेही आडव्याच, वर-खाली नाही. पायांना एकही की (हालचालीची खूण) दिलेली नाही! तीनदा नव्याने रिग केलं.

गंगापूररोडकर: १९९७ चा फॉरमॅट आता कशाला? एफबीएक्स फॉरमॅटमध्ये काढ, युनिटी इंजिनात टाक, विषय संपला.

सिडकोचा_जुना_खेळाडू: विषय कसला संपतो, त्याचं इंजिन एफबीएक्स वाचतच नाही.

ढोली, रिगला हात लावू नकोस. एमडी२ मध्ये हाडं नसतातच. दर फ्रेमला सगळे व्हर्टेक्स (मॉडेलचे कोपऱ्यांचे बिंदू) पुन्हा लिहिले जातात, तेही एका अक्षाला एकाच बाइटमध्ये, ० ते २५५. मॉडेल ज्या चौकटीत मावतं तिचे २५५ भाग पाडायचे आणि प्रत्येक बिंदू जवळच्या रेघेवर नेऊन बसवायचा. ग्यानबाची मेख ही, की चौकट दर फ्रेमला वेगळी. ध्वज सरळ असताना गडी समज ३० युनिट रुंद, तर दोन रेघांत ०.१२ युनिट. ध्वज बाजूला गेला, रुंदी १००, अंतर ०.३९. माणूस ५६ युनिट उंच धरलास तर हे सेंटीमीटरच्या वर जातं. चप्पल जागीच आहे रे, तिच्याखालच्या रेघा सरकतात. वर-खाली हलत नाही कारण तळवा चौकटीच्या बुडालाच टेकलेला.

मी २००० साली कॅनडा कॉर्नरजवळच्या कॅफेत भालावाला राक्षस केला होता. तो असाच नाचला, तर मी कॅफेवाल्याशी भांडलो, ‘तुझं ग्राफिक्स कार्ड गंडलंय’ म्हणून. बिचाऱ्याने कार्ड काढून, पुसून परत लावलं.

ध्वज वेगळ्या फाइलीत काढ. क्वेक २ च्या खेळाडूचंही शरीर एका फाइलीत, बंदूक दुसऱ्या. थरथर मग ध्वजात जाईल, पण फडकत्या कापडात कोणाला दिसतेय? इंजिन एमडी३ (क्वेक ३ चा फॉरमॅट) वाचत असेल तर आणखी बरं. तिथे १६ बिट आहेत आणि पायरी कायम १/६४ युनिट, चौकटीची भानगडच नाही. फक्त मॉडेल मध्यापासून ५१२ युनिटच्या आत ठेव.

गंगापूररोडकर: हे माहीत नव्हतं, दादा. एफबीएक्सचे शब्द मागे.

पंचवटीचा_ढोली: दादा, चपला गप्प झाल्या! पण आता ध्वज हाताच्या एक फ्रेम मागे राहतोय.

सिडकोचा_जुना_खेळाडू: दोन्ही फाइली कितव्या फ्रेमपासून काढल्यास?

पंचवटीचा_ढोली: गडी १ पासून, ध्वज ० पासून. बरं, कळलं.